टोकाचा वेग

सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोलकांचे जुने दोरे बदलत होतो. जुलैचा पहिला आठवडा होता. खाली कार्यालयात प्रवेशाची गर्दी, वर मी आणि प्रयोगशाळेचे शिपाई, दोघेच. "सर, जिभाऊ गेले… सकाळी साडेसातला. काकूंनी तुम्हाला कळवायला सांगितलं," एवढं बोलून ती थांबली. फोन मात्र ठेवला नाही. ही बातमी येणार हे दोन-अडीच वर्षं आम्हा दोघांना माहीत होतं, तरी ती आल्यावर काय बोलायचं ते दोघांनीही ठरवलं नव्हतं. शेवटी मी "निघतो" म्हणालो. जळगावहून पाचोरा रेल्वेने पाऊण तासाचं. त्या दिवशी डब्यात बसायला जागा होती, पण मी दाराजवळ उभाच राहिलो.

जिभाऊ म्हणजे माझा मित्र आत्माराम. पाचोऱ्यातल्या एका शाळेत तो क्रीडाशिक्षक होता आणि शाळा सुटल्यावर मागच्या मैदानावर तलवार, दांडपट्टा, लाठी शिकवायचा. आधी मुलगे यायचे, मग मुलीही यायला लागल्या, आणि शेवटची दहा वर्षं मुलीच जास्त होत्या. सुवर्णा त्यांतलीच. अख्खं पाचोरा त्याला जिभाऊ म्हणायचं. मी मात्र आत्माराम म्हणत आलो, कारण आमची ओळख धुळ्याची, कॉलेजच्या वसतिगृहातली. तो साक्रीकडच्या एका खेड्यातून आलेला, मी यावलचा. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आम्हा दोघांना एका टेबलावर उभं केलं होतं. त्याला समीकरणांचा कंटाळा, पण घड्याळ त्याच्या हातात द्यावं लागे. दोलक मधल्या रेषेवर आला की त्याचा अंगठा खाली जायचा, ना आधी ना नंतर. आमच्या टेबलावरची उत्तरं वर्गात सगळ्यांत नेटकी यायची ती त्या अंगठ्यामुळे. पुढे तो लेखी परीक्षेत नापास झाला आणि मी त्याच विषयाचा प्राध्यापक झालो. त्यामुळे आयुष्यभर तो मला "प्रोफेसर" म्हणायचा, आणि त्यात थोडी चेष्टा असायचीच.

पांझरेच्या काठाजवळ एक तालीम होती. एका रविवारी तो मला तिथे घेऊन गेला. कमरेला लंगोट, अंगाला माती, हातात तलवार अशा अवतारात मी त्याला प्रथमच पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर खांदे पाडून बसणारा मुलगा तो हाच, हे मला पटेना. त्याने तलवार फिरवली तेव्हा पातं दिसलंच नाही, हवेत एक पांढुरकी चकती तेवढी दिसली आणि कापड फाटल्यासारखा आवाज आला. परत येताना मी विचारलं, "टोकाला वेग किती असेल रे?" तो म्हणाला, "तूच सांग. तू शिकतोस ना?" मला सांगता आलं नाही. हाताची लांबी, पात्याची लांबी सगळं मांडून बघितलं, पण हात किती वेगाने वळतो तेच मोजायची सोय नव्हती. तो प्रश्न तसाच पडून राहिला. तो पाचोऱ्याला लागला, मी जळगावला. लग्नं झाली, मुलं झाली. भेट झाली की तो आठवण करायचा, "मना हिशेब बाकी शे, प्रोफेसर."

उत्तर मिळालं ते मोबाइलमुळे. माझ्या मुलीने मला एक फोन घेऊन दिला, त्यात सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं घेण्याची सोय होती. दिवाळीच्या सुट्टीत मी पाचोऱ्याला गेलो. मैदानावरच्या भिंतीवर आम्ही चुन्याने आणि कोळशाने दहा-दहा सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे ओढले, त्याला भिंतीपासून ठरलेल्या अंतरावर उभं केलं आणि फोन तिपाईवर लावला. मग चित्रं एकेक करून पुढे सरकवत बसलो. दोन चित्रांच्या मध्ये टोक एक पूर्ण पट्टा सरकलेलं होतं. म्हणजे सेकंदाला चोवीस मीटर. एसटीपेक्षा जास्त वेग, हे ऐकून पोरी हसल्या. आत्माराम हसला नाही. त्याने ती चित्रं चार-पाच वेळा बघितली आणि विचारलं, "आणि माझी मूठ?" मूठ त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेही सरकत नव्हती. मी समजावून सांगायला लागलो, की आधी कंबर वळते, ती थांबत असताना खांदा निघतो, खांदा थांबत असताना कोपर आणि शेवटी मनगट. प्रत्येक जण आपला वेग पुढच्याच्या हवाली करून स्वतः मागे राहतो. मनगटाच्या वाट्याला अगदी थोडा वेळ येतो, पण टोकाचा सगळा वेग त्या थोड्या वेळात तयार होतो. तो म्हणाला, "हे आमचे वस्ताद एका वाक्यात सांगायचे. ताकद लावू नको, सोडून दे."

त्यानंतर दर दिवाळीला मोजायचं हे ठरून गेलं. तो आकडा त्याला फार आवडला होता. कोणी पाहुणा आला की वहिनी चहा आणायच्या आत चोवीसचा विषय निघायचा. मी चेष्टेने म्हणायचो, की परीक्षेत कधी एवढे मिळाले नाहीत म्हणून जपतोयस. आत्मारामला गर्व नव्हता असं मी म्हणणार नाही. होता, आणि तो सगळा एका लिंबात साठला होता. दरवर्षी शिवजयंतीच्या कार्यक्रमात तो एकच गोष्ट स्वतः करायचा. समोर शिष्याने गुडघ्यावर बसून हात पुढे करायचा, तळहातावर लिंबू ठेवायचं, आणि याने वरून वार करून लिंबाचे दोन तुकडे करायचे. तळहाताला ओरखडा नाही. हे त्याने कोणालाही शिकवलं नाही. "मी आहे तोवर दुसऱ्याने करायचं नाही," म्हणायचा. लोकांना वाटे यात वेग महत्त्वाचा. वेग लागतो, पण अवघड असतं ते थांबणं. चोवीस मीटरने आलेलं पातं बोटाच्या जाडीएवढ्या जागेत थांबवायचं, आणि ते थांबवणारं मनगट तेच, ज्याने त्याला वेग दिलेला असतो.

आता मला जे लिहायचं आहे ते सोपं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी नवा फोन घेऊन गेलो होतो. नेहमीसारखे दहा वार घेतले. आत्माराम घाम पुसत आला आणि म्हणाला, "कितलं उनं?" किती आलं ते ऐकायची त्याला घाई असायची. मी चित्रं सरकवत होतो. एकोणीस आलं. दुसरा वार पाहिला, अठरा. तिसरा, एकोणीस. मी मनात म्हटलं, फोन नवा आहे, हा खरोखर सेकंदाला किती चित्रं घेतो कोण जाणे. पन्नाशी ओलांडलेला माणूस थोडा मंदावणारच, पण एका वर्षात एवढा नाही. म्हणजे चूक मोजण्यात आहे. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, "तेवीस-चोवीस. नेहमीचंच." तो खूश झाला. त्या दुपारी आम्ही भरीत-पुरी खाल्ली आणि मी संध्याकाळच्या गाडीने परतलो.

फोन बरोबर आहे की नाही हे तपासायला पाच मिनिटं लागतात. मीटरपट्टीशेजारून चेंडू सोडायचा, त्याचं चित्रण करायचं आणि तो किती चित्रांत खाली येतो ते बघायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून मी हे करून घेतो, आणि न तपासता आकडा फेकून देणाऱ्याचे गुण कापतो. मी स्वतः ते केलं नाही. वेळ नव्हता असं नाही. कंटाळा केला म्हणावं, तर तसंही नव्हतं… आज मला वाटतं, मला उत्तर नको होतं.

शिवजयंतीला मी पाचोऱ्यात होतो. संध्याकाळी मैदानात मांडव, पुढे खुर्च्यांवर गावातली मंडळी, मागे बायकापोरं उभी. लाठी झाली, पट्टा झाला, मग आत्माराम उठला. लिंबू धरायला सुवर्णा बसली. सुवर्णा ही त्याची सगळ्यात तयार शिष्या. तेव्हा तेवीस वर्षांची होती, एका खासगी शाळेत शिकवायची आणि रोज संध्याकाळी मैदानावर त्याच्यासमोर ढाल घेऊन उभी राहायची. तिने उजवा हात पुढे केला. वार आला, लिंबाचे दोन तुकडे दोन्हीकडे पडले आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या चालू असतानाच मी पाहिलं, की तिने हात मिटायचा प्रयत्न केला आणि तो मिटला नाही. मग तिच्या कोपरावरून रक्त ओघळायला लागलं. ती ओरडली नाही. आत्मारामने तलवार खाली टाकली. त्याच्या हातून तलवार जमिनीवर पडलेली मी आयुष्यात तेव्हाच पाहिली. डोक्याचा फेटा सोडून त्याने तिच्या हाताला बांधला, तिला उचलून रिक्षात बसवलं आणि जळगावपर्यंत तो हात आपल्या दोन्ही हातांत वर धरून बसला.

शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा वळलं नाही. तिच्या वडिलांनी तक्रार केली नाही. ते केळीच्या बागेत काम करणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी आत्मारामला एवढंच विचारलं, "जिभाऊ, हाई कसं व्हयनं?" शाळेने मैदानावरचा वर्ग बंद केला. शिवजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेलो होतो, दार लावून घेतलं आणि चेंडू सोडला. सहा वेळा सोडला. फोन बरोबर होता. मग दिवाळीची चित्रं काढून पहिल्यांदा नीट पाहिली. टोकच नुसतं मंदावलं नव्हतं. मनगट उशिरा वळत होतं, कमी वळत होतं, आणि ती उणीव भरून काढायला तो खांदा जास्त लावत होता. खांदा वेग देऊ शकतो, पण बोटभर जागेत थांबू शकत नाही. सगळं त्या चित्रांत होतं, तीन महिने माझ्या खिशात.

चैत्रात त्याला शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली. अंगठ्याच्या मुळाशी मांस असतं तिथे खळगा दिसायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं, नाशिकच्यांनी तपासण्या केल्या, आणि त्यांची कागदपत्रं घेऊन आम्ही दोघे पुन्हा धुळ्याला गेलो. डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलले. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्यात, म्हणाले. हातापासून सुरू झालंय, पुढे पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. आत्मारामने विचारलं, "हे केव्हापासून असेल?" डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी आधी सुरू झालं असेल, पण तेव्हा कळणं कठीण.

परतताना भाडगावमार्गे पाचोऱ्याची बस मिळाली. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी त्याला सांगितलं. दिवाळीचा खरा आकडा, मी सांगितलेला खोटा, चेंडू, सगळं. तो खिडकीबाहेर बघत होता. तसंच बघत त्याने विचारलं, "कितलं उनं व्हतं?"

"एकोणीस."

मला वाटलं शिव्या देईल, आणि शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाडगावच्या स्थानकात माणसं उतरली, चढली. बस निघाली तेव्हा तो म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? माझा हात जाणारच होता. सुवर्णाला सांग. तिचा जायचं कारण नव्हतं." माफ केलं असं तो त्या दिवशी म्हणाला नाही, नंतरही कधी म्हणाला नाही. पण उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तोवर त्याने कोणाचा आधार घेतला नव्हता.

त्या रविवारी मी सुवर्णाच्या घरी गेलो. ती डाव्या हाताने वह्या तपासत होती. मी सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मला दिवाळीच्या आधीपासून कळत होतं."

"कसं?" मी विचारलं.

"रोज त्यांचा वार माझ्या ढालीवर यायचा ना. त्याचा आवाज बदलला होता. आधी टण्णकन यायचा, नंतर दबल्यासारखा. मी तेल लावून बघितलं, ढाल बदलून बघितली. मग समजलं, ढालीचं काही नाही."

"मग तू हात पुढे का केलास?"

ती वहीची पानं सारखी करत राहिली. "नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का म्हणून. काय सांगितलं असतं मी त्यांना, सर? चारशे माणसांसमोर?" आणि वही मिटून, "मला वाटलं, एवढी एक वेळ जमेल त्यांना."

मी उठलो. चपला घालताना ती म्हणाली, "हे जिभाऊंना सांगू नका." पुढच्या भेटीत आत्मारामने विचारलं, "काय म्हणाली पोर?" मी म्हणालो, "काही नाही. ऐकून घेतलं." त्याच्याशी बोललेलं हे माझं दुसरं खोटं. पहिलं मी माझ्यासाठी बोललो होतो. हे कोणासाठी बोललो, अजून नीट सांगता येत नाही. सुवर्णाला विचारूनच मी आज ते इथे लिहितो आहे. ती म्हणाली, आता लिहा, आता त्यांना ऐकू येणार नाही.

एक गोष्ट मात्र त्याने माझ्याकडून कबूल करून घेतली. मोजणं थांबवायचं नाही आणि आकडा खोटा सांगायचा नाही. "तुझ्या यंत्राला लाज नाही, तेच बरं," म्हणाला. महिन्यातून एकदा मी जायचो. घरामागच्या अंगणात पट्टे ओढले. पावसाळ्यात पंधरा आलं, दसऱ्याच्या सुमारास अकरा. मग तलवार पेलेना, तेव्हा वेताची छडी. छडीचा आकडा तलवारीशी ताडून बघता येत नाही, असं मी म्हणालो तर म्हणाला, "नवी वही कर." त्यानंतर नुसता हात. हात खांद्यापर्यंत उचलायचा, तेवढंच. नंतर बोलणं जड झालं. शब्द तोंडात गोळा व्हायचे, त्यातला एखादाच बाहेर पडायचा. एकदा चित्रण करताना तो फक्त डाव्या हाताचं मधलं बोट चादरीवर सरकवू शकला. वहिनी बाजूला उभ्या होत्या. मी चित्रं पुढे सरकवत गेलो. सेकंदाला चार सेंटिमीटर. मी तसंच सांगितलं. त्याने डोळे मिटले आणि उघडले. मी वहीत लिहिलं. शिकवलेल्या विषयाचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

सुवर्णाने मैदान मागून घेतलं आणि वर्ग पुन्हा सुरू केला. ती आता डाव्या हाताने शिकवते. लिंबाचा खेळ कार्यक्रमातून काढून टाकला, तेव्हा कोणी विचारलं नाही. संध्याकाळी वर्ग सुटला की ती त्याच्या घरी जायची आणि आज कोणाचं काय चुकलं ते सांगायची. तो ऐकायचा. एखाद्या पोरीचं पाऊल चुकतंय असं ती म्हणाली, की त्याची नजर जमिनीवर जायची आणि एका ठिकाणी थांबायची. तिथे पाऊल पडायला हवं, असं ती समजून घ्यायची. मी फोन तिपाईवर लावून महिन्यातून एकदा जे करत होतो त्यापेक्षा हे पुष्कळ बरं होतं. ते मला फार उशिरा समजलं.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. ऑगस्ट असूनही पाचोऱ्यात उकाडा होता. पुढच्या खोलीत बसलो, तीच खोली जिथे तो अखेरचे दहा महिने भिंतीकडेच्या खाटेवर पडून होता. माझा शर्ट घामाने भिजला तसा वहिनींनी कोपऱ्यातला टेबलफॅन माझ्याकडे वळवला. मी सहज वर बघितलं. छताला लोखंडी कडी होती, पंखा नव्हता. एवढी वर्षं त्या घरात जेवलो, बसलो, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "लग्न झालं त्याच वर्षी काढला त्यांनी. पावसाळ्यात मैदानावर चिखल व्हायचा, मग इथेच तलवार फिरवायचे. पातं अडायला नको म्हणून." मेमध्ये पत्रे तापले, माणूस जागचा हलू शकत नव्हता, तेव्हा मुलगा पुण्याहून नवा पंखा घेऊन आला होता. आत्मारामने कडीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि मान हलेना म्हणून डोळ्यांनीच नको म्हटलं. पंखा खोक्यात माळ्यावर आहे. तेरावा झाल्यावर मुलाने बसवायला माणूस बोलावला होता. वहिनींनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

"राहू दे म्हटलं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. स्वयंपाकघराचं दार समोरच होतं, खोली ओलांडली की दहा पावलं. त्या सरळ गेल्या नाहीत. भिंतीला धरून, कपाटाच्या कडेने, खोलीची मधली जागा पूर्ण मोकळी सोडून गेल्या. थोड्या वेळाने दोन्ही हातांत कप घेऊन त्याच वाटेने परत आल्या. त्यांना ते जाणवतही नव्हतं. चहा पिऊन मी निघालो, आणि दारापर्यंत भिंतीच्या कडेनेच गेलो.